राजा दीनदयाळ

राजा दीनदयाळ (जन्म : १८४४, सरधना; मृत्यू : ५ जुलै १९०५) हे एकोणिसाव्या शतकातील भारतीय छायाचित्रकार व व्यावसायिक होते. ते लाला दीनदयाळ या नावानेही ओळखले जातात. इंदूर येथील सार्वजनिक बांधकाम खात्यातील नोकरीपासून सुरुवात करून त्यांनी सिकंदराबाद, हैदराबाद व मुंबई येथे स्टुडिओ उभारले. व्हाइसरॉय, हैदराबादचे सहावे निजाम मीर महबूब अली खान आणि राणी व्हिक्टोरिया यांच्याकडून त्यांना छायाचित्रकार म्हणून नेमणुका मिळाल्या. त्यांच्या छायाचित्रांच्या कलात्मक गुणांविषयी बरेच लिहिले गेले आहे. परंतु काढलेले चित्र कोणाचे, त्याच्या प्रती कोणी विकायच्या आणि त्याचे मोल कशावर ठरवायचे, हे प्रश्न कायद्याने सुटलेले नसताना त्यांनी हा व्यवसाय कसा उभा केला, हेही त्यांच्या चरित्राचे तितकेच महत्त्वाचे अंग आहे.

बालपण आणि शिक्षण

दीनदयाळ यांचा जन्म मेरठजवळील सरधना या गावी एका जैन कुटुंबात झाला. रुडकी येथील थॉमसन अभियांत्रिकी महाविद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले. आराखडे काढणे, मोजमापे घेणे आणि बांधकामाच्या खर्चाचे अंदाज तयार करणे हे तेथील शिक्षणाचे मुख्य विषय होते. इमारतीकडे प्रमाण आणि रचनेच्या दृष्टीने पाहण्याची सवय त्यांना येथेच लागली. पुढे त्यांनी टिपलेल्या वास्तूंच्या चित्रांत ही सवय स्पष्ट दिसते. खर्चाचा अंदाज बांधण्याचे शिक्षणही स्वतंत्र व्यवसाय चालवणाऱ्याला उपयोगी पडणारेच होते.

इंदूर येथील नोकरी

१८६६ मध्ये ते इंदूरच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात मुख्य अंदाजक व आरेखक म्हणून रुजू झाले. इंदूर ही होळकरांची राजधानी होती. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड तालुक्यातल्या चौंडी येथे जन्मलेल्या अहिल्यादेवींच्या काळापासून या संस्थानाचा महाराष्ट्राशी निकटचा संबंध होता आणि दरबारात मराठी वातावरण होते. दीनदयाळ यांच्या काळात दुसरे तुकोजीराव होळकर गादीवर होते. १८७४ मध्ये दीनदयाळ यांनी हौस म्हणून छायाचित्रण शिकण्यास आरंभ केला. तुकोजीराव महाराज आणि मध्य भारतातील गव्हर्नर जनरलचे प्रतिनिधी सर हेन्री डेली या दोघांनी त्यांना उत्तेजन दिले. १८७५-७६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स भारतभेटीवर आले असता त्यांची छायाचित्रे घेण्याची संधी दीनदयाळ यांना मिळाली.

त्या काळी छायाचित्रण हे खर्चाचे आणि कष्टाचे काम होते. ओल्या प्लेटच्या पद्धतीत काचेवर रसायनांचा थर देऊन, ती ओली असतानाच चित्र घ्यावे लागे व लगेच धुवावे लागे. त्यामुळे दूरच्या ठिकाणी जाताना काळोख्या खोलीचा तंबू, रसायने, पाणी, काचा आणि मदतनीस असा मोठा लवाजमा बरोबर न्यावा लागे. १८८० नंतर तयार कोरड्या प्लेट प्रचारात आल्या आणि हे ओझे काहीसे हलके झाले. तथापि निगेटिव्ह कागदावर टेकवूनच प्रत काढली जात असल्याने मोठ्या चित्रासाठी तेवढ्याच मोठ्या काचेची गरज कायम राहिली.

मध्य भारतातील दौरा

१८८२ मध्ये डेली यांचे उत्तराधिकारी सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर दीनदयाळ यांनी बुंदेलखंडाचा दौरा केला. ग्वाल्हेर, खजुराहो, ओरछा, सांची अशा स्थळांची त्यांनी घेतलेली छायाचित्रे १८८६ मध्ये मध्य भारतातील प्रसिद्ध स्मारकांवरील ग्रंथात प्रकाशित झाली. ग्रंथाचा गाभा छायाचित्रांचाच होता, पण ग्रंथकर्ता म्हणून नाव ग्रिफिन यांचे होते. सरकारी नोकराने अधिकाऱ्याच्या दौऱ्यात काढलेल्या चित्रांबाबत त्या काळी वेगळी अपेक्षा कोणी करीतही नसे.

दीनदयाळ यांच्या आयुष्याला यानंतर वेगळे वळण लागले. त्यांनी खात्यातून दोन वर्षांची रजा घेतली व आपला दृश्यचित्रांचा संग्रह पूर्ण करण्यासाठी प्रवास केला. पुढे त्यांनी नोकरी कायमची सोडली. नोकरीत वेतन ठरलेले असते, पण कामाच्या फळावर हक्क राहत नाही. स्वतंत्र व्यवसायात वेतनाची शाश्वती जाते, पण निगेटिव्ह स्वतःच्या कपाटात राहते. दीनदयाळ यांनी दुसरा मार्ग पत्करला.

व्यवसायाची रचना

त्या काळातील मोठ्या स्टुडिओंचे उत्पन्न मुख्यतः तीन मार्गांनी येत असे आणि दीनदयाळ यांच्या संस्थेची कामेही या तिन्ही प्रकारांत मोडतात.

पहिला मार्ग व्यक्तिचित्रांचा. ग्राहक स्टुडिओत येऊन चित्र काढून घेई व जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या प्रती, बहुधा डझनाच्या हिशेबाने, विकत नेई. लहान भेटकार्डाच्या आकाराचे चित्र स्वस्त, तर साधारण सव्वाचार बाय साडेसहा इंचांचे ‘कॅबिनेट’ त्याहून महाग असे. पहिल्या प्रतीच्या किमतीत काच, रसायने, बैठकीचा वेळ आणि कारागिराचे कौशल्य हे सारे धरले जाई. त्यानंतरच्या प्रतीला कागद आणि मजुरी एवढाच खर्च येई. म्हणून स्टुडिओ निगेटिव्ह ग्राहकाला देत नसत. त्यावर क्रमांक घालून ती जपून ठेवत आणि पुढे ग्राहकाला, त्याच्या नातलगांना किंवा चाहत्यांना आणखी प्रती हव्या झाल्या की त्याच क्रमांकावरून पुरवत.

दुसरा मार्ग दृश्यचित्रांचा. किल्ले, मंदिरे, लेणी, राजवाडे व शहरे यांची चित्रे कोणाच्या मागणीवाचून, स्वतःच्या खर्चाने काढून ठेवली जात. प्रवासी, लष्करी अधिकारी आणि मायदेशी परतणारे इंग्रज कुटुंबीय ती सुटी किंवा अल्बमच्या रूपात विकत घेत. येथे खर्च आधी आणि प्राप्ती नंतर असे. मात्र निगेटिव्ह शाबूत असेपर्यंत विक्री चालूच राही. दीनदयाळ यांच्या अनेक चित्रांवर निगेटिव्हचा क्रमांक आणि स्थळाचे नाव प्लेटवरच लिहिलेले आढळते. हा क्रमांक म्हणजे दुकानाच्या हिशेबाची नोंद होती आणि चित्र कोणाच्या संग्रहातील आहे याची खूणही.

तिसरा मार्ग नेमलेल्या कामांचा. दरबार, शिकारी, लष्करी कवायती, पाहुण्यांचे स्वागत, सरकारी बांधकामे अशा प्रसंगी छायाचित्रकाराला बोलावले जाई. अशा कामाचे मोल केवळ प्रतींवर ठरवता येत नसे. प्रवास, मदतनीस, दिवसांची संख्या आणि प्रसंग पुन्हा घडणार नाही ही जोखीम असे सर्व त्यात येई. दिल्लीजवळील १८८५-८६ च्या लष्करी सरावांची दीनदयाळ यांची छायाचित्रे या प्रकारातील आहेत.

१८८५ मध्ये त्यांची व्हाइसरॉयचे छायाचित्रकार म्हणून नेमणूक झाली. १८९७ मध्ये राणी व्हिक्टोरिया यांच्याकडून राजसनद मिळाली. अशा सनदेचा खरा लाभ थेट रकमेपेक्षा प्रतिष्ठेचा असे. सनद मिळालेला व्यावसायिक ती आपल्या पाटीवर व पुठ्ठ्यावर छापू शके आणि नव्या ग्राहकाला दराविषयी घासाघीस करण्याचे कारण उरत नसे.

हैदराबाद

हैदराबादच्या निजामांशी संबंध आल्यानंतर दीनदयाळ यांनी १८८६ मध्ये सिकंदराबाद येथे स्टुडिओ सुरू केला. सिकंदराबाद ही इंग्रजांची छावणी आणि शेजारी निजामांचा दरबार, त्यामुळे दोन्ही प्रकारचा ग्राहकवर्ग एकाच ठिकाणी उपलब्ध झाला. ज्ञानचंद व धरमचंद हे त्यांचे दोन्ही पुत्र व्यवसायात सहभागी होते. निजामांनी त्यांना दरबारी छायाचित्रकार नेमले आणि १८९४ मध्ये ‘राजा बहादुर मुसव्विर जंग’ हा किताब दिला. याच किताबामुळे ते पुढे राजा दीनदयाळ म्हणून प्रसिद्ध झाले.

१८९२ मध्ये त्यांनी हैदराबाद येथे खास पडदानशीन स्त्रियांसाठी स्टुडिओ उघडला. त्याभोवती उंच भिंती होत्या व त्याची व्यवस्था श्रीमती केनी-लेव्हिक या इंग्रज महिलेकडे होती. हा उपक्रम केवळ ग्राहक वाढवण्यापुरता नव्हता. ज्या घरातील स्त्रियांचे दर्शन परपुरुषाला होत नाही, तेथील चित्राची निगेटिव्ह कोणाच्या हाती जाईल आणि प्रत कोण पाहील, हा प्रश्न किमतीपेक्षा मोठा होता. बाजारात मुक्तपणे विकायची दृश्यचित्रे आणि घराबाहेर जाऊ नये अशी व्यक्तिचित्रे यांतील फरक स्टुडिओला काटेकोरपणे पाळावा लागे. आज करारात लिहिले जाणारे वापराचे बंधन तेव्हा विश्वासावर चाले आणि तो विश्वास मोडल्यास व्यवसायच बुडण्याचा धोका असे.

आजचा मराठवाडा त्या वेळी निजामांच्या राज्यात होता. वेरूळ, दौलताबाद व औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील दीनदयाळ यांची दृश्ये निजामांच्या राज्याविषयीच्या १८९२ च्या अल्बममध्ये आहेत. १८९९-१९०० च्या दुष्काळात त्यांच्या संस्थेने औरंगाबाद भागातील उपासमारीने खंगलेल्या लोकांची व मदतकार्याची छायाचित्रे घेतली. ही चित्रे राज्यकारभाराची नोंद म्हणून काढलेली होती. त्यांतील माणसांनी चित्राची मागणी केली नव्हती आणि प्रती कोठे जातील यावर त्यांचे कोणतेही नियंत्रण नव्हते. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झन व लेडी कर्झन यांचे नेकोंडा येथील शिकारीनंतरचे प्रसिद्ध चित्रही याच संस्थेचे आहे. एकाच स्टुडिओच्या कपाटात हे दोन्ही प्रकार शेजारी शेजारी होते.

मुंबई

मुंबईत छायाचित्रणाची परंपरा जुनी होती. १८५४ मध्ये येथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्याशी संबंधित नामवंत छायाचित्रकार होते. एल्फिन्स्टन संस्थेत शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण यांनी शहरात व्यावसायिक स्टुडिओ चालवला होता. अशा शहरात दीनदयाळ यांनी १८९६ मध्ये आपला स्टुडिओ उघडला. संस्थानिक, पारशी व गुजराती व्यापारी, इंग्रज अधिकारी आणि बोटीने येणारे परदेशी प्रवासी असा मोठा ग्राहकवर्ग येथे होता. मात्र त्याच वर्षी मुंबईत प्लेगची साथ सुरू झाली आणि असंख्य लोक शहर सोडून गेले. नव्या उद्योगाच्या दृष्टीने हा काळ प्रतिकूल होता.

अखेरची वर्षे

१९०३ च्या दिल्ली दरबाराची छायाचित्रे हे त्यांच्या संस्थेचे अखेरच्या काळातील मोठे काम होय. या सुमारास व्यवसायाचे स्वरूप बदलू लागले होते. हातात मावणारे कॅमेरे हौशी लोकांकडे आले आणि हाफटोन पद्धतीमुळे छायाचित्रे थेट वृत्तपत्रांत व पुस्तकांत छापता येऊ लागली. सुट्या प्रतींच्या विक्रीवर उभ्या असलेल्या स्टुडिओंपुढे हे नवे आव्हान होते. १९०४ मध्ये धरमचंद यांचे निधन झाले व पुढच्याच वर्षी दीनदयाळ मृत्यू पावले. ज्ञानचंद यांनी त्यांच्यानंतर व्यवसाय पुढे चालवला.

छायाचित्र आणि प्रताधिकार

दीनदयाळ यांच्या हयातीत भारतात छायाचित्राच्या प्रताधिकाराविषयी (स्वामित्वहक्काविषयी) स्पष्ट तरतूद नव्हती. ब्रिटनचा १९११ चा कायदा काही फेरफारांसह १९१४ च्या अधिनियमाने भारतात लागू झाला, तेव्हा ही पोकळी भरून निघाली. त्या कायद्यानुसार चित्र घेतले त्या वेळी मूळ निगेटिव्ह ज्याच्या मालकीची, त्यास छायाचित्राचा कर्ता मानले गेले. मात्र कोणी मोबदला देऊन चित्र काढून घेतले असल्यास, वेगळा करार नसेल तर, हक्क त्या ग्राहकाकडे जाई. स्वतंत्र भारताच्या १९५७ च्या प्रताधिकार अधिनियमात चित्र घेणारी व्यक्ती हीच कर्ता मानली गेली. मोबदल्यावर काढलेल्या चित्राबाबत मात्र ग्राहकाच्या बाजूचा नियम कायम राहिला. त्यामुळे आजही भारतातील व्यावसायिक छायाचित्रकाराने काम स्वीकारण्यापूर्वी लेखी करार केला नाही, तर केवळ निगेटिव्ह किंवा मूळ फाइल जवळ असल्याने हक्क त्याच्याकडे राहत नाही.

दीनदयाळ यांच्या काळात परिस्थिती नेमकी उलट होती. हक्काचा कागद नव्हता, पण निगेटिव्हशिवाय तशीच प्रत काढता येत नव्हती. काच ज्याच्याजवळ, त्याच्याकडेच पुढील विक्रीची किल्ली होती.

वारसा

जुन्या स्टुडिओंच्या काचेच्या निगेटिव्ह पुढील काळात मोठ्या प्रमाणावर नष्ट झाल्या. काही फुटल्या, काही धुऊन काच म्हणून वापरल्या गेल्या. दीनदयाळ यांच्या संग्रहाचा बराच भाग मात्र टिकून राहिला. १९८९ मध्ये दिल्ली येथील इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने त्यांच्या २,८५७ निगेटिव्ह संपादित केल्या. भारतीय टपाल खात्याने २००६ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. आणखी एक प्रत विकता यावी म्हणून क्रमांक घालून जपलेल्या या काचा आज संस्थानी भारत, मराठवाड्यातील लेणी व किल्ले आणि तत्कालीन समाजजीवन यांच्या अभ्यासाचे महत्त्वाचे साधन ठरल्या आहेत.