कर्मयोगी अम्मेंबळ सुब्बाराव पै (१८५२–१९०९)

श्रींच्या दर्शनार्थ गोमंतकात येणाऱ्या भाविकांत मंगळूर, उडुपी, कारवार या भागांतील कुटुंबांची संख्या मोठी असते. सोळाव्या शतकात पोर्तुगीज राजवटीच्या धर्मछळामुळे असंख्य सारस्वत कुटुंबांनी गोवा सोडून दक्षिणेस कानडा प्रांताचा आश्रय घेतला. गाव सुटले, परंतु कुलदेवतेशी असलेले नाते सुटले नाही. घरातील मंगलकार्य पार पडले की ही कुटुंबे आजही कुलदेवतेच्या पायरीशी येतात. मंगळुरात स्थिरावलेल्या याच समाजात जन्मलेल्या आणि त्यास विद्येचा व आर्थिक शिस्तीचा मार्ग दाखविणाऱ्या एका सत्पुरुषाचा अल्प परिचय भाविकांच्या माहितीसाठी येथे देत आहोत.

अम्मेंबळ सुब्बाराव पै यांचा जन्म १९ नोव्हेंबर १८५२ रोजी मंगळूरनजीक मुल्की येथे झाला. त्यांचे वडील उपेंद्र पै हे मुल्कीच्या मुन्सफ न्यायालयात वकिली करीत. मंगळूर येथील शिक्षण पूर्ण करून सुब्बाराव उच्च शिक्षणासाठी मद्रासला गेले. मंगळूरला लोहमार्ग पोहोचला तो १९०७ साली. त्यापूर्वीच्या काळात पश्चिम किनाऱ्यावरून मद्रासला जाणे हे दूरदेशी जाण्यासारखेच होते. तेथील प्रेसिडेन्सी कॉलेजातून पदवी मिळवून पुढे कायद्याची परीक्षाही ते उत्तीर्ण झाले. मद्राससारख्या राजधानीत मोठा व्यवसाय करण्याची संधी असतानाही १८७६ च्या सुमारास ते मंगळुरास परतले आणि तेथेच त्यांनी वकिली सुरू केली.

वकील म्हणून त्यांचा लौकिक वेगळ्याच कारणाने झाला. पक्षकारांना न्यायालयाच्या पायऱ्या झिजवावयास लावण्यापेक्षा दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवून तंटा मिटविण्याकडे त्यांचा कल असे. त्यात स्वतःच्या मिळकतीचे नुकसान होत असे, परंतु घरे मोडण्यापासून वाचत. लोकांनी त्यांच्यावर जो विश्वास टाकला, त्याचा पाया येथे घातला गेला. पुढील सर्व कार्य याच विश्वासाच्या बळावर उभे राहिले.

त्या काळी मंगळुरात इंग्रजी शिक्षणाची प्रमुख विद्यालये ख्रिस्ती मिशनची होती. आपल्या समाजाने आपल्या बळावर एक विद्यालय उभारावे, या ध्यासाने सुब्बारावांनी सहकाऱ्यांच्या साह्याने १८९१ मध्ये कॅनरा हायस्कूलची स्थापना केली. विद्यालयासाठी धन कोठून आणावे हा प्रश्न होताच. त्यांनी त्यावर सुचविलेला उपाय तेथील लोक आजही आदराने सांगतात. घराघरांतील गृहिणींनी रोजच्या स्वयंपाकासाठी तांदूळ घेताना त्यातील एक मूठ बाजूस काढून ठेवावी आणि असे जमलेले तांदूळ विद्यालयाच्या कार्यास द्यावेत, ही ती योजना. ‘मुष्टी फंड’ या नावाने ती ओळखली जाते. मूठभर तांदळाने कोणाचे घर रिकामे होत नाही, परंतु शेकडो घरांच्या मुठी एकत्र आल्या की त्यातून विद्येचे मंदिर उभे राहते. शिवाय ज्या घराने रोज एक मूठ दिली, त्या घराला ते विद्यालय आपलेच वाटू लागते.

ज्या गृहिणींच्या हातून हे दान घडले, त्यांच्या मुलींना मात्र शिक्षणाचे दार बंदच होते. मुलीला शाळेत धाडणे अनेकांना त्या वेळी रुचत नसे. सुब्बारावांनी हा विरोध शांतपणे सोसला आणि १८९४ मध्ये मुलींसाठी स्वतंत्र विद्यालय सुरू केले. समाजाच्या एका भागास अज्ञानात ठेवून उरलेल्या भागाची उन्नती होत नाही, हे त्यांनी प्रत्यक्ष कृतीने दाखवून दिले.

समाजाचे दुसरे दुखणे होते कर्जबाजारीपणाचे. अडीअडचणीला सावकाराकडून भारी व्याजाने कर्ज घ्यावे आणि अखेरीस घरदार गमवावे, असे प्रसंग वकिलास नित्य पाहावे लागत. घरोघरीची अल्प बचत एकत्र करून ती गरजूंना वाजवी व्याजाने द्यावी, या हेतूने त्यांनी १ जुलै १९०६ रोजी कॅनरा हिंदू पर्मनंट फंड ही संस्था स्थापन केली. प्रत्येकी ५० रुपयांचे २,००० भाग आणि अवघे चार सेवक, एवढीच आरंभीची सिद्धता होती. मूठभर तांदळाचाच हा विचार होता; आता तांदळाच्या जागी रुपये आले होते.

संस्थेस चार महिनेही झाले नव्हते, तोच ऑक्टोबर १९०६ मध्ये मद्रासची आर्बथनॉट आणि कंपनी ही नामांकित इंग्रजी पेढी बुडाली. हजारो ठेवीदारांची आयुष्यभराची पुंजी एका दिवसात नाहीशी झाली. मोठ्या नावाच्या पेढीने विश्वासघात केल्यावर एका लहान नगरातील नव्या फंडावर लोकांनी भरवसा का ठेवावा? त्याचे उत्तर सुब्बारावांच्या तीस वर्षांच्या स्वच्छ आचरणात होते. दुसऱ्याचा पैसा ही आपल्याकडील ठेव आहे, मालकी नव्हे, ही जाणीव ज्याच्या ठायी असते, त्याच्या हाती लोक निःशंकपणे आपली पुंजी देतात.

२५ जुलै १९०९ रोजी, वयाच्या ५७ व्या वर्षी, सुब्बारावांचे निधन झाले. संस्थेची केवळ तीन वर्षांची वाटचाल त्यांना पाहावयास मिळाली. १९१० मध्ये तिचे रूपांतर कॅनरा बँकेत झाले. १९ जुलै १९६९ रोजी या बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १ एप्रिल २०२० रोजी उडुपी येथे जन्मलेली सिंडिकेट बँक तिच्यात विलीन झाली. एका समाजाच्या बचतीतून निघालेली ही संस्था आज जातिधर्माचा भेद न करता संपूर्ण देशाची सेवा करीत आहे. कॅनरा विद्यालयांतूनही पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी शिकून बाहेर पडत आहेत.

देवापुढे ठेवलेले दान लहान की मोठे, हे रकमेवरून ठरत नाही. ते कोणत्या भावनेने दिले गेले आणि ज्यांनी ते स्वीकारले त्यांनी ते किती निष्ठेने जपले, यावरून त्याचे मोल ठरते. दान देणारा आणि दान सांभाळणारा, या दोघांनीही सुब्बाराव पै यांचे चरित्र नित्य स्मरणात ठेवावे. अशा या कर्मयोग्याच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.