टाचणवहीतून उभी राहिली रियासत

रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई स्मृतिदिन विशेष

संग्रामपूर (प्रतिनिधी) : इतिहासाचा तास म्हटला, की बहुतेकांना आठवतात त्या सनावळ्या, लढायांची नावे आणि रिकाम्या जागा भरण्याचे प्रश्न. चौथीच्या वर्गात शिवचरित्र ऐकताना देहभान विसरणारी मुले दोन-तीन इयत्ता वर गेली, की याच विषयाला कंटाळू लागतात. दोष विषयाचा की शिकवण्याच्या पद्धतीचा, हा वाद शिक्षकांच्या खोलीत आजही रंगतो. जिल्हा परिषदेच्या शाळेतील गुरुजींना रोज पाठाचे टाचण काढावे लागते. काहींसाठी तो केवळ तपासणीपुरता सोपस्कार असतो, तर काहींचा सगळा तास त्याच टाचणावर उभा राहतो. अशाच शिकवणीच्या टिपणांतून मराठी भाषेतील इतिहासाचा एक प्रचंड ग्रंथसंभार उभा राहिला, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. तो उभारणारे गोविंद सखाराम सरदेसाई, म्हणजेच रियासतकार, यांचा २९ नोव्हेंबर हा स्मृतिदिन. महाराष्ट्र त्यांना इतिहासकार म्हणून ओळखतो. पण त्यांच्या इतिहासलेखनाचा उगम मुलांच्या अभ्यासिकेत झाला होता.

कोकणातून बडोद्याला

सरदेसाई यांचा जन्म १७ मे १८६५ रोजी रत्नागिरी जिल्ह्यात झाला. घर शेतकऱ्याचे, परिस्थिती बेताची. रत्नागिरीच्या शाळेतून मॅट्रिक झाल्यावर पुणे आणि मुंबई येथे त्यांचे महाविद्यालयीन शिक्षण झाले आणि १८८८ साली ते बी. ए. झाले. त्या काळच्या पदवीधराला सरकारी कचेरी किंवा वकिली हे दोन मार्ग खुले असत. सरदेसाईंना तिसराच मार्ग सापडला. १८८९ साली बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे वाचक म्हणून त्यांची नेमणूक झाली. महाराजांना निवडक ग्रंथ वाचून दाखवणे, त्यांतील मर्म सांगणे आणि लेखनात साह्य करणे, हे त्यांचे काम होते. महाराजांच्या इच्छेवरून त्यांनी मॅकियाव्हेलीच्या राजनीतीवरील ग्रंथाचे आणि इंग्लंडच्या साम्राज्यविस्तारावरील सीली यांच्या ग्रंथाचे मराठी भाषांतर केले.

सयाजीराव हे स्वतः शिक्षणाचे मोल पुरते ओळखून होते. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात १८६३ साली जन्मलेला हा शेतकऱ्याचा मुलगा १८७५ साली दत्तक जाऊन बडोद्याच्या गादीवर बसला, तेव्हा त्याचे वय बारा वर्षांचे होते आणि अक्षरओळखीची सुरुवात तिथूनच झाली. उशिरा शिकायला बसलेल्या या राजाने पुढे १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो सगळ्या संस्थानाला लागू केला. प्रजेच्या मुलांनी शाळेत गेलेच पाहिजे, असा आग्रह धरणाऱ्या या महाराजांनी आपल्या मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी ज्यांच्यावर सोपवली, त्यांत सरदेसाईही होते.

उद्याचा तास

राजपुत्रांना इतिहास शिकवायचा, पण तो कशावरून? मुलांच्या हाती द्यावे असे साधन मराठीत जवळजवळ नव्हते. मराठ्यांचा इतिहास म्हणजे ग्रँट डफचा १८२६ सालचा इंग्रजी ग्रंथ आणि त्याचे मराठी भाषांतर. नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी या ग्रंथातील दोष दाखवून दिले होते, तरी त्याची जागा घेईल असे दुसरे पुस्तक तयार झालेले नव्हते. बखरी होत्या, पण त्यांत दंतकथा आणि घडलेल्या गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या. मोगलांचा इतिहास एका ठिकाणी, कंपनी सरकारचा दुसऱ्या ठिकाणी, अशी सगळी विखुरलेली अवस्था होती.

अशा वेळी शिक्षकाला एकच मार्ग उरतो. उद्या जे शिकवायचे ते आज स्वतः वाचायचे, पारखायचे आणि क्रमाने मांडून ठेवायचे. सरदेसाईंनी तेच केले. राजपुत्रांच्या पाठांसाठी ते इंग्रजी-मराठी ग्रंथ वाचून टिपणे काढू लागले. टिपणे वाढत गेली. मुलांसाठी जमवलेली ही माहिती मराठी वाचकांनाही हवीच आहे, हे त्यांच्या ध्यानात आले आणि या टिपणांना ग्रंथाचे रूप देण्याचा विचार पक्का झाला. १८९८ साली ‘मुसलमानी रियासत’ प्रसिद्ध झाली. १९०२ पासून ‘मराठी रियासत’ भागाभागाने येऊ लागली आणि पुढे ‘ब्रिटिश रियासत’ही आली. हिंदुस्थानच्या इतिहासाचे तीन मोठे कालखंड तीन मालिकांत विभागण्याची ही योजनाच एखाद्या जाणत्या शिक्षकाने आखलेल्या अभ्यासक्रमासारखी आहे.

रियासतीचे खंड आजही चाळून पाहावेत. प्रकरणाच्या आरंभी त्यात काय येणार याचे मुद्दे क्रमवार दिलेले असतात. घराण्यांच्या वंशावळी असतात, घटनांचा काळ डोळ्यांसमोर राहावा म्हणून शकावल्या असतात. कोण कोणाचा मुलगा, कोणती घटना आधी आणि कोणती नंतर, हे नीट कळल्याशिवाय कारण आणि परिणाम यांची सांगड बसत नाही, हे शिकवणाऱ्या माणसाला चटकन समजते. प्राथमिक वर्गात आज फळ्यावर काढली जाणारी कालरेषा आणि वंशवृक्ष यांचे काम याहून वेगळे नाही. शाळेतील मुलांसाठीही सरदेसाईंनी इतिहासाची पुस्तके लिहिली. विद्वानांसाठी लिहिताना त्यांची भाषा कधी अवघड झाली नाही, याचे श्रेय त्या पहिल्यावहिल्या विद्यार्थ्यांना द्यावे लागेल.

नियतीचा खेळ असा, की ज्या राजपुत्रांसाठी ही टिपणे निघाली, त्यांच्यापैकी एकही गादीवर आला नाही. युवराज फत्तेसिंहराव १९०८ साली ऐन पंचविशीत निवर्तले. शिवाजीराव १९१९ साली आणि जयसिंहराव १९२३ साली गेले. १९३९ साली सयाजीरावांच्या मागे गादीवर आले ते त्यांचे नातू प्रतापसिंहराव आणि दहा वर्षांतच संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. राजवाड्यातील त्या शिकवणीचा उरलेला ठेवा म्हणजे मराठी घरांतून पोहोचलेली रियासत.

कागदांच्या शोधात

रियासतीचे स्वागत झाले, तशी तिच्यावर टीकाही झाली. १८९८ साली, म्हणजे ‘मुसलमानी रियासत’ निघाली त्याच वर्षी, विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला. अस्सल पत्रांचा शोध आधी, इतिहासाची मांडणी नंतर, असा राजवाडे यांचा दंडक होता. त्या कसोटीवर रियासतीचे सुरुवातीचे भाग उणे ठरत होते. त्र्यंबक शंकर शेजवलकर यांच्यासारख्या परखड अभ्यासकानेही पुढे सरदेसाईंच्या निष्कर्षांवर कठोर टीका केली.

सरदेसाईंनी मात्र नवे कागद उजेडात येतील तशी आपली मांडणी सुधारत नेण्याचे ठरवले. जदुनाथ सरकार या बंगाली इतिहासकाराशी त्यांचा स्नेह विसाव्या शतकाच्या आरंभी जुळला आणि तो अर्धशतकाहून अधिक काळ टिकला. सरकार फारसी साधनांचे जाणकार, तर सरदेसाई मराठी कागदपत्रांचे. दोघांनी मिळून किल्ले आणि रणभूमी पायांखाली घातल्या. जे ठिकाण वर्णायचे ते स्वतः पाहून यावे, ही शिस्त दोघांनीही पाळली.

१९२५ साली सरदेसाईंनी बडोद्याची नोकरी सोडली आणि पुण्याजवळ कामशेत येथे ते राहू लागले. हा काळ सुखाचा नव्हता. त्यांचे दोन्ही मुलगे त्यांच्या हयातीतच गेले. त्यांपैकी श्यामकांत रवींद्रनाथ ठाकूर यांच्या शांतिनिकेतनात शिकला होता. त्याची पत्रे सरदेसाईंनी पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. दुसऱ्यांच्या मुलांना शिकवण्यात उमेद घालवलेल्या बापाला आपल्या मुलाची पत्रे संपादावी लागली, यापरते दुःख कोणते?

या दुःखातही काम थांबले नाही. पुण्याचे पेशवे दफ्तर अनेक वर्षे अभ्यासकांना बंदच होते. सुमारे ३५ हजार रुमालांत बांधलेले ते कागद पाहून त्यांतील निवडक कागद प्रसिद्ध करण्याचे काम मुंबई सरकारने १९२९ साली सरदेसाईंकडे सोपवले. तेव्हा त्यांचे वय चौसष्ट होते. या नेमणुकीवर पुण्यातील काही संशोधकांची नाराजी होती आणि कोणते कागद घेतले, कोणते वगळले, यावरही वाद झाले. तरीही अवघ्या काही वर्षांत, १९३४ पर्यंत, या निवडीचे ४५ खंड छापून झाले. त्यांत साडेआठ हजारांहून अधिक कागद प्रथमच अभ्यासकांच्या हाती आले. प्रत्येक कागदाचा सारांश इंग्रजीत दिल्यामुळे मराठी न जाणणाऱ्यांनाही ही दालने खुली झाली. त्यानंतर पुणे रेसिडेन्सीच्या इंग्रजी पत्रव्यवहाराच्या खंडांचे कामही सरकार आणि सरदेसाई यांनी मिळून हाती घेतले.

ऐंशीव्या वर्षी नवे टाचण

एवढे कागद पाहिल्यावर आपलाच जुना इतिहास अपुरा वाटू लागणे साहजिक होते. असे वाटले, तरी ऐंशी वर्षांचा माणूस सहसा तिकडे डोळेझाक करतो. सरदेसाईंनी मात्र पुन्हा लेखणी उचलली. मराठ्यांच्या इतिहासाचे त्यांचे तीन नवे इंग्रजी खंड १९४६ ते १९४८ या काळात प्रसिद्ध झाले. पन्नास वर्षांपूर्वी राजपुत्रांसाठी काढलेले टाचण त्यांनी म्हातारपणी नव्या पुराव्यानिशी पुन्हा लिहून काढले, असेच म्हणावे लागेल.

१९५७ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण किताब दिला. पुढच्याच वर्षी जदुनाथ सरकार गेले आणि २९ नोव्हेंबर १९५९ रोजी, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी, कामशेत येथे सरदेसाईंनी देह ठेवला. त्यांच्या मृत्यूनंतर स. मा. गर्गे यांच्या संपादनाखाली मराठी रियासतीच्या नव्या आवृत्त्या निघाल्या आणि नव्या पिढीच्या वाचकांनाही ती उपलब्ध झाली.

वऱ्हाडच्या वर्गासाठी

रियासतकारांच्या निधनाची तारीख वऱ्हाडच्या इतिहासातही महत्त्वाची आहे. संग्रामपूर तालुक्यातून पूर्वेकडे जिल्ह्याची हद्द ओलांडली, की अकोला जिल्ह्यातील तेल्हारा तालुका लागतो. या तालुक्यातील अडगावच्या माळावर २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने नागपूरकर भोसले आणि शिंदे यांच्या सैन्याचा पराभव केला. १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला. या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलूख भोसल्यांच्या हातून गेला आणि निजामाकडे आला. त्यापूर्वी वऱ्हाडात भोसले आणि निजाम या दोघांचाही अंमल चाले. पुढे १८५३ साली वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. सातपुड्याच्या पायथ्याच्या या गावांचा शेतसारा कोणाच्या खजिन्यात जमा व्हावा, हे ठरवण्यात तीन आठवड्यांच्या या घडामोडींचा मोठा वाटा होता.

पाठ्यपुस्तकात इंग्रज-मराठे युद्धाला मोजक्याच ओळी मिळतात आणि त्यांत अडगावचे नाव येईलच असे नाही. पण फळ्यावर सातपुड्याची एक रेघ ओढली, तिच्या पायथ्याशी आपले गाव, अडगाव आणि वर डोंगरात गाविलगड अशी तीन ठिकाणे दाखवली, शेजारी तीन तारखांची कालरेषा काढली आणि मग मुलांना एकच प्रश्न विचारला, की तहानंतर आपल्या गावच्या शेतकऱ्याच्या जगण्यात काय बदलले असेल, तर पस्तीस-चाळीस मिनिटांची तासिका पुरणार नाही. जिजाऊंचे जन्मस्थान सिंदखेडराजा तर आपल्याच जिल्ह्यात आहे. शिवचरित्राचा पहिला पाठ बुलडाणा जिल्ह्यातील मुलांसाठी घराजवळूनच सुरू होऊ शकतो.

यासाठी डिजिटल फळा किंवा मोठा खर्च लागत नाही. आदल्या रात्री शिक्षकाने थोडे वाचलेले असावे, जमल्यास ते ठिकाण एकदा पाहिलेले असावे आणि मागील वर्षीचे टाचण तसेच्या तसे नव्या वहीत उतरवण्याचा मोह टाळलेला असावा, इतकेच. सरकारी कामांचा आणि अहवालांचा बोजा वाहणाऱ्या, कित्येकदा दोन-दोन इयत्ता एकट्याने सांभाळणाऱ्या गुरुजींकडून एवढी अपेक्षा करणे सोपे नाही, हेही मान्य केले पाहिजे. त्यांना तयारीसाठी वेळ मिळवून देणे ही शिक्षण खात्याची आणि पालकांचीही जबाबदारी आहे. रियासतकारांपुढे राजवाड्यातील मोजकेच विद्यार्थी होते आणि वाचनाला सवड होती. तालुक्यातील शाळांमधून बसलेल्या मुलांचा मात्र त्या राजपुत्रांइतक्याच चांगल्या तयारीच्या तासावर तेवढाच हक्क आहे.