गोरोबाकाका

मराठवाड्यात तेरणा नदीच्या काठी तेर नावाचे प्राचीन गाव आहे. पूर्वी त्याला तगर म्हणत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी येथील माल गाड्यांतून भडोच बंदराकडे जात असे. गावाच्या पांढरीत सापडलेली मातीची भांडी व मृण्मूर्ती आज तेथील रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात पाहावयास मिळतात. मातीकामाची अशी थोर परंपरा असलेल्या या गावी तेराव्या शतकात संत गोरा कुंभार होऊन गेले.

गोरोबा आपला व्यवसाय निष्ठेने करीत. हात मातीत आणि चित्त विठ्ठलचरणी, असा त्यांचा नित्यक्रम होता. माती तुडविताना भजनात देहभान हरपले आणि स्वतःचे तान्हे मूल पायाखाली आले. पुढे विठ्ठलकृपेने ते परत मिळाले, अशी कथा घरोघरी सांगतात.

कुंभाराला जे घडवावयाचे, ते घट भाजण्यापूर्वीच घडवावे लागते. कच्चा घट थापटण्याने ठोकून त्याला आकार देता येतो, त्यावर रेघा ओढता येतात. दूर अमेरिकेतील सांता क्लारा या पुएब्लो गावचे कुंभारही जलसर्पाची व अस्वलाच्या पंजाची परंपरागत नक्षी न भाजलेल्या घटावरच कोरतात. मग घट आव्यात जातो. नीट भाजलेला घट खणखणीत वाजतो, कच्चा राहिलेला बद्द वाजतो.

एकदा ज्ञानेश्वर, मुक्ताबाई, नामदेव आदी संत गोरोबांच्या घरी जमले होते. गोरोबा सर्वांत वडील, म्हणून सारे त्यांना काका म्हणत. कोपऱ्यातले थापटणे पाहून मुक्ताबाईने ते कशासाठी, असे विचारले. घट कच्चा की पक्का हे पारखण्यासाठी, असे काकांनी सांगताच, मग या घटांचीही पारख करावी, असे ती म्हणाली. काकांनी एकेकाच्या मस्तकावर थापटणे मारले. सर्वांनी ते शांतपणे सोसले. नामदेव मात्र रागावले. देवाचा लाडका म्हणून त्यांना अभिमान होता. हा घट कच्चा आहे, असा निर्णय काकांनी दिला.

नामदेव दुःखी होऊन पंढरीस गेले. परंतु विठ्ठलानेही त्यांना गुरू करण्यास सांगितले. तेव्हा औंढ्या नागनाथाच्या देवळात विसोबा खेचरांना ते शरण गेले आणि त्यांचा अभिमान गळाला. पुढे भक्तीचा संदेश घेऊन ते पंजाबापर्यंत गेले. विष्णुपुरीजवळच नांदेडच्या गुरुद्वारात ज्या गुरू ग्रंथसाहिबाचे पठण चालते, त्यात नामदेवांची ६१ पदे आहेत.

शके १२३९ म्हणजे इ. स. १३१७ मध्ये गोरोबाकाकांनी देह ठेवला. तेर येथे त्यांची समाधी असून चैत्र महिन्यात तेथे मोठी यात्रा भरते. कच्चेपणा दाखविणारा माणूस आपला शत्रू नसतो. कच्चा घटच अधिक चांगला घडविता येतो, हे त्यांच्या चरित्रातून आपण शिकावे.