शाळेत न गेलेल्या लक्ष्मीबाई टिळकांनी ५० वर्षं जुन्या आठवणी लिहिल्या, आपल्याला मात्र दुसरा वाढदिवसही का आठवत नाही?

तुमची सगळ्यात जुनी आठवण कोणती? बहुतेकांची गाडी तिसऱ्या-चौथ्या वर्षापाशी अडते.

लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ मात्र त्यांच्या जन्माच्याही आधी सुरू होतं. १८५७ च्या बंडानंतर त्यांच्या आजोबांना फाशी झाली. त्या धक्क्याने वडिलांनी सोवळ्याचा ध्यास घेतला आणि सगळं घर त्यात होरपळलं. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. म्हणजे ही गोष्ट त्यांनी पाहिलेली नाही, घरात ऐकलेली.

इथेच आठवणींचं विज्ञान येतं. प्रसंग साठवणारा मेंदूचा भाग, हिप्पोकॅम्पस, लहानपणी पुरता तयार नसतो. उंदरांची पिल्लंसुद्धा शिकतात, पण मोठ्या उंदरांपेक्षा लवकर विसरतात. स्क्रब जे नावाचा पक्षी मात्र काय, कुठे आणि किती वेळापूर्वी लपवलं हे लक्षात ठेवतो, असं १९९८ च्या एका प्रयोगात दिसलं. अळ्या सडल्या असतील एवढा वेळ गेला, की तो शेंगदाण्यांकडे वळायचा.

माणसाकडे आणखी एक गोष्ट आहे : बोलणं. मोठी माणसं मुलांशी घडलेल्या प्रसंगांवर जितकं बोलतात, तितक्या आठवणी पक्क्या होतात. पण त्यात ऐकीव गोष्टीही मिसळतात. तू दोन वर्षांचा असताना भद्रावतीच्या यात्रेत हरवला होतास, हे आजीने दहादा सांगितलं की ती गर्दी डोळ्यांसमोर दिसायला लागते.

लक्ष्मीबाईंचं लग्न अकराव्या वर्षी कवी नारायण वामन टिळकांशी झालं. लिहा-वाचायला त्या लग्नानंतर शिकल्या. १८९५ मध्ये टिळक ख्रिस्ती झाले आणि संसार तुटला. काही वर्षांनी दोघं पुन्हा एकत्र आले, १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. १९१९ मध्ये टिळक गेले. त्यांचं अपुरं ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनीच पूर्ण केलं.

मुलगा देवदत्तच्या आग्रहाने त्यांनी आठवणी लिहिल्या. १९३४ पासून त्या चार भागांत छापल्या गेल्या. १९३६ मध्ये लक्ष्मीबाई वारल्या, शेवटचा भाग त्यानंतर आला.

मुलाने आग्रह धरला नसता, तर जलालपूरचं ते घर त्यांच्यासोबतच संपलं असतं. तुमच्या आजीला आज काय विचारायचं, ते ठरवा.