फॅरेडेची पांढरी कार्डं

मागच्या उन्हाळ्यात आपल्या ग्रुपवर शाळेमागच्या ओढ्याचा विषय निघाला, तेव्हा मी पाणी तपासून आलेले आकडे आणि आलेख टाकले. एकच अंगठा आला. तेव्हापासून मला फॅरेडे आठवतो आहे.

दहावीत बाईंनी तारेच्या वेटोळ्यात चुंबक आत-बाहेर केलं आणि गॅल्व्हानोमीटरचा काटा हलला, तो प्रयोग त्याचाच. आपण नियम पाठ केला, माणूस राहूनच गेला.

मायकेल फॅरेडे १७९१ मध्ये लोहाराच्या घरी जन्मला. शिक्षण लिहिण्या-वाचण्यापुरतंच. चौदाव्या वर्षी लंडनमध्ये पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारीला लागला आणि बांधायला येणारी पुस्तकं वाचू लागला. १८१२ मध्ये हम्फ्री डेव्हींची व्याख्यानं ऐकून त्याने टिपणं काढली, स्वतः बांधली आणि त्यांनाच पाठवली. पुढच्या वर्षी रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मदतनीस म्हणून त्याची नेमणूक झाली. १८३१ मध्ये त्याने विद्युतचुंबकीय प्रवर्तन शोधलं.

स्वतःला कळलेलं लोकांनाही कळावं, ही त्याची धडपड आयुष्यभर होती. मुलांसाठीच्या नाताळ व्याख्यानांच्या १९ मालिका त्याने दिल्या. त्यांतली एक तर नुसत्या मेणबत्तीवर. १८५३ मध्ये आत्मे टेबल फिरवतात असं खूळ पसरलं. त्याने प्रयोग केला, बसलेल्यांचे हातच नकळत टेबल ढकलतात हे दाखवलं आणि 'टाइम्स'ला पत्र लिहून सगळ्यांना सांगितलं.

जुलै १८५५ मध्ये तो बोटीने थेम्स नदीतून जात होता. पाणी गढूळ तपकिरी, वास असह्य. त्याने पांढऱ्या कार्डांचे तुकडे केले, ओले केले आणि प्रत्येक धक्क्याला पाण्यात सोडले. लख्ख ऊन होतं, तरी इंचभर बुडायच्या आत ते दिसेनासे झाले. त्याने एवढंच 'टाइम्स'ला लिहून पाठवलं. समीकरण नाही, आलेख नाही. वाचणाऱ्या कुणालाही स्वतः करून बघता येईल असं. सरकार लगेच हललं नाही. १८५८ च्या उन्हाळ्यात दुर्गंधी थेट पार्लमेंटमध्ये शिरली, तेव्हा कुठे मोठ्या गटारांच्या कामाला मंजुरी मिळाली. १८६७ मध्ये फॅरेडे गेला.

माझे आकडे बरोबर होते. पण ते मी इंजिनिअरला वाचायला लिहावेत तसे लिहिले होते, आणि आपल्या वर्गात दुकानदार आहेत, शिक्षिका आहेत, शेतकरी आहेत.

मेळाव्याला येताना मी पांढरी कार्डं आणणार आहे, दोरा बांधून, म्हणजे परत ओढून काढता येतील. जेवणानंतर ओढ्याच्या पुलावर या. सर, बाई, तुम्हीसुद्धा.