खाशाबांनी फेडलेले ऋण



कराड-सातारा भागातून पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कारखान्यांत नोकरीसाठी आलेल्यांना खाशाबा जाधव हे नाव नवे नाही. आपल्या मुलांना मात्र ते सांगावे लागते.

कराडजवळच्या गोळेश्वर या खेड्यात १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, त्यामुळे कुस्तीचे धडे घरातच मिळाले. खाशाबा अंगाने लहानखुरे. पण चपळाई मोठी. ढाक हा त्यांचा आवडता डाव. १९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने ते लंडन ऑलिंपिकला गेले. लाल मातीत वाढलेला हा मल्ल तेथे मॅटवर लढला आणि सहावा आला.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी निवड झाली, पण प्रवासाला पैसे नव्हते. खाशाबा गावोगाव फिरले. गोळेश्वरच्या लोकांनी जमेल तसे दिले. तरीही रक्कम अपुरी पडत होती. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. आपल्या माजी विद्यार्थ्यासाठी घर गहाण टाकणारा शिक्षक! पदकाइतकीच ही गोष्टही लक्षात ठेवण्यासारखी आहे.

हेलसिंकीत जपानच्या इशीशी त्यांची दीर्घ लढत झाली आणि थोडक्यात हार झाली. लगेच सोव्हिएत मल्लाशी लढायला बोलावले गेले. नियमाप्रमाणे मध्ये अर्धा तास विश्रांती हवी होती. पण खाशाबांची बाजू मांडायला आपला एकही अधिकारी तेथे हजर नव्हता. थकलेले खाशाबा हरले. तरी कांस्यपदक मिळाले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरे यायला १९९६ साल उजाडले, तेही लिअँडर पेसमुळे.

परतल्यावर १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. एवढ्या सत्कारानंतर दुसरा कोणी स्वस्थ बसला असता. खाशाबांनी मात्र पुन्हा लांग चढवली, कुस्त्या केल्या आणि त्या कमाईतून सर्वप्रथम खर्डेकर सरांचे घर सोडवून दिले. आपल्या ताकदीत कितीजणांचा वाटा आहे, हे ते विसरले नव्हते.

१९५५ मध्ये ते पोलीस खात्यात फौजदार झाले. गुडघ्याच्या दुखापतीमुळे पुढचे ऑलिंपिक हुकले. साहाय्यक पोलीस आयुक्त म्हणून ते निवृत्त झाले. पण निवृत्तिवेतनासाठीही त्यांना झगडावे लागले. १९८४ साली रस्ता अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, मृत्यूनंतर सोळा वर्षांनी.

त्यांचा जन्मदिवस आता महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी मुलांना खाशाबांबरोबर खर्डेकर सरांचेही नाव जरूर सांगा.