सोलापूरचा डॉक्टर, डोंगरातली शाळा

आमच्या टेंभुर्णीच्या फाट्यावर उभे राहिले की पुणे-सोलापूर रस्त्यावरून जाणाऱ्या एस.टी.त पाठीला दप्तर लावलेली डॉक्टरकीची मुले दिसतात. त्यांच्यापैकी कितीजणांना ठाऊक असेल, की याच सोलापूरचा एक तरुण डॉक्टर चीनच्या डोंगराळ मुलखात शेतकऱ्यांच्या पोरांना शस्त्रक्रिया शिकवीत होता आणि त्यांच्यासाठी पाठ्यपुस्तक लिहिता लिहिताच गेला? डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस हे नाव आपल्याला व्ही. शांताराम यांच्या १९४६ च्या चित्रपटामुळे माहीत आहे. पडद्यावर दिसतो तो जखमींची सेवा करणारा वीर. त्यांच्यातला शिक्षक मात्र आपल्या फारसा परिचयाचा नाही.

द्वारकानाथांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा. घर मध्यमवर्गीय, गाव गिरण्यांचे. १९३० मध्ये या गावाने इंग्रजांचा मार्शल लॉ पाहिला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी चार हुतात्मे फासावर गेले, तेव्हा द्वारकानाथ विशीत होते. डॉक्टरकी शिकायला ते मुंबईला परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात गेले. शिकवणारे सगळे हिंदी असावेत या अटीवर दिलेल्या देणगीतून हे महाविद्यालय १९२६ साली सुरू झाले होते. परक्या सत्तेच्या काळात आपल्या माणसांनी आपल्या मुलांना वैद्यक शिकवावे, हा विचार त्या इमारतीच्या पायातच होता. पुढे द्वारकानाथांच्या आयुष्यातही तो वेगळ्या रूपाने उतरला.

जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर मोठा हल्ला चढवला. चिनी सेनानी चू ते यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली. १९३८ चे काँग्रेस अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी देशाला आवाहन केले आणि सुमारे बावीस हजार रुपये जमले. बँकेच्या खातेवह्यांत हयात घालवलेल्या माझ्यासारख्याला त्या काळच्या बावीस हजारांचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. गुलाम देशाने दुसऱ्या पीडित देशासाठी पै पै करून उभारलेली ती रक्कम होती.

पथकात पाच डॉक्टर होते. प्रमुख अलाहाबादचे डॉ. अटल, नागपूरचे वयाने वडील डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी, आणि पदव्युत्तर अभ्यासाचा बेत बाजूला ठेवून निघालेले सोलापूरचे डॉ. कोटणीस. १ सप्टेंबर १९३८ रोजी त्यांची बोट मुंबईहून सुटली, तेव्हा कोटणीस अठ्ठावीसच्या उंबरठ्यावर होते. फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक यानआनला पोहोचले. वडील वारल्याची बातमी त्यांना परदेशातच कळली, तरी ते परतले नाहीत. पुढे एकेक करून चारही सहकारी मायदेशी आले. द्वारकानाथ तिथेच राहिले.

१९४० मध्ये ते उत्तर चीनमधील वूताई डोंगराच्या बाजूच्या युद्धक्षेत्रात गेले. कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथ्यून यांनी तिथे काम उभे केले होते. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून विष भिनून ते नोव्हेंबर १९३९ मध्ये मरण पावले होते. त्यांच्या नावाच्या रुग्णालयाची धुरा जानेवारी १९४१ मध्ये कोटणिसांकडे आली. रुग्णालय म्हणजे काय, तर खेड्यातली घरे! शत्रू जवळ आला की बिऱ्हाड हलवायचे, औषधे नाकेबंदीतून सुटतील तेवढीच.

रुग्णालयाला जोडून वैद्यकाची शाळा होती. विद्यार्थी बहुतेक शेतकरी कुटुंबांतले, बेताचे शिकलेले. पुस्तके नाहीत, प्रयोगशाळा नाही. पण हातात सुरी धरण्याआधी शरीर कळायला हवे, जखम का सडते ते कळायला हवे. अर्धवट शिकलेल्या हाताने माणूस दगावतो. एकटा डॉक्टर किती जखमींना पुरणार? त्याने शिकवलेले वीसजण वीस खेड्यांत पोहोचतात, हा हिशेब कोटणिसांनी ओळखला. इंग्रजीतून वैद्यक शिकलेला हा माणूस चिनी बोलायला, वाचायला शिकला आणि त्याच भाषेत वर्गात उभा राहिला. शस्त्रक्रियेची सामान्य तत्त्वे सांगणारे पाठ्यपुस्तक त्यांनी तयार केले आणि एकेका अवयवाच्या शस्त्रक्रियेवरचे दुसरे लिहायला घेतले. आज जागतिक आरोग्य हा अभ्यासाचा विषय आहे. तेव्हा जागतिक आरोग्य संघटनासुद्धा नव्हती, ती १९४८ ची.

याच काळात क्वो छिंगलान या परिचारिकेशी त्यांची ओळख झाली आणि १९४१ च्या अखेरीस लग्न. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ, म्हणजे भारत आणि चीन. मात्र अतिश्रमाने खंगलेल्या द्वारकानाथांना अपस्माराचे झटके येऊ लागले होते. उपचारासाठी आघाडीपासून दूर जाण्याचा सल्ला त्यांनी मानला नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, एका मोठ्या झटक्याने त्यांचा अंत झाला. मूल तेव्हा जेमतेम साडेतीन महिन्यांचे होते. दुसरे पाठ्यपुस्तक अपुरे राहिले.

चीनने त्यांना विसरू दिले नाही. शिजियाझ्वांगच्या हुतात्मा उद्यानात त्यांची समाधी आहे, तिथल्या एका वैद्यकीय विद्यालयाला त्यांचे नाव आहे. चीनने १९८२ मध्ये आणि भारताने १९९३ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीट काढले. सोलापुरातही त्यांच्या राहत्या घराचे स्मारक २०१२ मध्ये झाले.

तिकिटे आणि पुतळे हवेतच. पण डॉक्टरकीच्या विद्यार्थ्याने या आयुष्यातून घ्यायचे ते निराळे. रोगी ज्या भाषेत कण्हतो, ती आधी शिकावी. त्याच्या गावात जे मिळते, त्यावर उपचार बसवावा. आणि आपल्याला उमगलेले, मागून येणाऱ्यासाठी सोप्या शब्दांत लिहून ठेवावे. आपल्या खेड्यांत डेंग्यू, क्षयरोग, सर्पदंश यांवर गावातल्या आशाताईला आणि नव्या परिचारिकेला समजेल असे मराठी लेखन अजून किती हवे आहे! कोटणिसांचे ते अपुरे पान चीनमध्ये राहिले. पुढचे पान सोलापूर जिल्ह्यातल्या एखाद्या मुलीने किंवा मुलाने मराठीत लिहायला घेतले, तर द्वारकानाथांचे त्याहून चांगले स्मारक कोणते?